रिकाम्या खोलीलाही तेवढीच सूट?

साताऱ्यात किंवा सांगलीच्या विश्रामबागेत रूम शोधली असेल, तर हा डायलॉग ओळखीचा वाटेल : ‘कॉट-गादी तुमची तुम्ही आणा, आम्हाला परवडत नाही.’

खरंच? घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा केली, की उरलेल्या रकमेवर प्राप्तिकर कायदा सरसकट ३० टक्के सूट देतो. महिना ५ हजार भाडं म्हणजे वर्षाला ६० हजार. घरपट्टी बाजूला ठेवली, तर १८ हजारांवर कर नाही. बिल दाखवायचं नाही, खर्च केला का, हेही कुणी विचारत नाही. म्हणजे कॉट, टेबल, पंखा देणारे काका आणि नुसत्या चार भिंती देणारे काका, दोघांना सूट सारखीच. मग कॉट देईल कोण?

ब्रिटनमध्येही सामानासह घर देणाऱ्यांना भाड्याच्या १० टक्के ठोक सूट होती. २०१६ मध्ये ती बंद झाली. आता जुनं सामान बदललं, तरच त्या खर्चाची सूट मिळते. आपल्याकडेही ३० टक्क्यांतला थोडा भाग असा खऱ्या खर्चाला जोडायला हवा.

अर्थात, जे मालक कर भरतच नाहीत, त्यांना याने फरक पडणार नाही. तिथे आपणच हलायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा; ती जबाबदारी मालकाची. त्यात सामानाची यादी लिहून घ्या. डिपॉझिट कापायची वेळ आली, की तीच यादी कामाला येते.