दिवेलागणीचं पातेलं

‘आज बसायचं का?’ एवढं विचारलं की आपल्याकडे पुढचं काही सांगावं लागत नाही. काय घेऊन बसायचं, हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं. चहाला कोणी असं ‘बसत’ नाही. चहा मारतात, टाकतात, टपरीवर उभ्या उभ्या कटिंग घेतात. मी मात्र गेली दोन वर्षं संध्याकाळी चहा घेऊनच बसतो. गवती चहा, आलं आणि तुळस; दूध नाही. त्याआधी याच खुर्चीत, याच वेळेला व्हिस्कीचे दोन लार्ज होत असत. रोज.

हा ‘रोज’ कधी आला ते मला नेमकं आठवतं. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांतून मित्र जमले की व्हायचं. मग २०२० साल आलं. टाळेबंदीत सकाळी आमच्या घरी तुळस, सुंठ, दालचिनी, मिरी घातलेला काढा सगळे इमानेइतबारे प्यायचे, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला दारूची दुकानं उघडली तेव्हा त्या रांगेतही मी उभा होतो. ऑफिस घरातच होतं. लॅपटॉप मिटला की दिवस संपल्याची दुसरी काही खूण नव्हती, ती ग्लासानं दिली. ऑफिस पुन्हा सुरू झालं तरी खूण तीच राहिली.

मी झिंगायचो नाही, कोणाला वेडंवाकडं बोललो नाही, कामावर खाडा केला नाही. त्यामुळे सोडायला हवी असं कोणी म्हणालंही नाही. मला जाग आणली ती रात्री तीनच्या जागेनं. रोज तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडायचे, छाती धडधडायची, तोंड कोरडं. वयामुळे होतंय असं वाटायचं. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. साठ मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल, दोन पेगांत चाळीस. यकृत तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम निपटतं. म्हणजे रात्री नऊला संपवलेला ग्लास शरीरातून निघायला मध्यरात्र उलटते. दारूनं झोप लवकर लागते, पण ती उतरली की झोप तुटते आणि उरलेली रात्र कच्ची जाते. मी ज्याला थकवा घालवणं म्हणत होतो, तोच दुसऱ्या दिवशीचा थकवा तयार करत होता.

सोडायचं ठरवणं सोपं गेलं. अवघड होती साडेसातची वेळ.

पहिला आठवडा मी त्या वेळेला नुसता इकडून तिकडे फिरलो. पाणी प्यायलो, सरबत करून घेतलं, ते दोन घोटांत संपलं. गार आणि गोड पेय भराभर पोटात जातं. मग रिकामा ग्लास आणि मोठी संध्याकाळ. चौथ्या-पाचव्या दिवशी ही म्हणाली, ‘अहो, आधी काहीतरी खाऊन घ्या बरं.’ मूठभर फुटाणे आणि एक केळं खाल्लं आणि निम्मी तलफ तिथेच विरली. इतकी वर्षं मी भुकेलाच तलफ समजत होतो. उरलेली निम्मी तलफ हातांची होती. बाटली काढणं, बर्फ घालणं, चकणा मांडणं यात पंधरा मिनिटं जायची, आणि खरं तर त्या पंधरा मिनिटांतच मन निवायला लागायचं.

आमच्या बाल्कनीत गवती चहाची कुंडी आहे. आईनं गावाहून मुळासकट आणलेला एक ठोंब लावला होता, तो आता कुंडीत मावत नाही. त्याची पात हातानं ओढली की बोटाला बारीक चीर पडते, म्हणून कात्री घ्यायची. चार-पाच पाती बुडाशी कापायच्या, धुवायच्या, दुमडून त्यांचीच एक गाठ मारायची. आलं खलबत्त्यात ठेचायचं, किसायचं नाही. किसलं की रस किसणीलाच राहतो. दोन कप पाणी मंद आचेवर ठेवायचं. पाणी आधी पोपटी होतं, मग पिवळसर, आणि लिंबासारखा पण लिंबाहून मऊ असा वास आधी स्वयंपाकघरात आणि मग हॉलमध्ये पसरतो. सात-आठ मिनिटांनी गॅस बंद करून तुळशीची पानं टाकायची आणि वर झाकण. पानं सोबत उकळली तर चहा कडवट होतो. सुरुवातीचे दोन महिने मी गुळाचा खडा घालत असे, कारण दारू सुटल्यावर गोडाची ओढ फार लागते. आता घालत नाही.

हा चहा घाईनं पिता येत नाही, जीभ भाजते. एक कप सरायला वीस मिनिटं लागतात. तोवर साडेसातचे आठ होतात, कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, मुलगी क्लासवरून येते. वेळ निघून गेलेली असते.

हर्बल टी म्हणून पाकिटं मिळतात, त्यांवर पैसे घालवायची गरज नाही असं माझं मत आहे. घेतलीच तर मागचं बारीक अक्षर वाचा. काहींत ग्रीन टी मिसळलेला असतो आणि रात्री त्यातलं कॅफिन झोप उडवतं. ज्येष्ठमध गोडसर लागतो म्हणून रोज भरपूर घालू नका. त्यानं रक्तदाब वाढतो, आणि दारू सोडणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाचा तो बहुधा आधीच वाढलेला असतो.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. मी दोन पेगवाला होतो. ज्याचा सकाळी हात थरथरतो, जो तो कंप थांबवायला सकाळीच घेतो, त्यानं हा लेख वाचून आज रात्री बाटली ओतून देऊ नये. अशा शरीराची दारू एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर लागतात, औषधं लागतात. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आजही हे काम करतं. गावोगावी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भरतात, तिथे फी नसते आणि पूर्ण नाव सांगावं लागत नाही. चहाचं पातेलं त्यानंतरचं.

आणि जे घेतात, त्यांच्याकडेही एक मागणं आहे. आपल्याकडे आग्रह करणं हे प्रेमाचं लक्षण आहे, जेवणाच्या पंगतीत ते शोभतंही. पण ‘एकानं काय होतंय, घे रे’ हे वाक्य मला त्या पहिल्या तीन महिन्यांत इतक्या वेळा ऐकावं लागलं की मी मित्रांकडे जाणंच बंद केलं होतं. एकच जण वेगळा निघाला. त्यानं कारण विचारलं नाही. बायकोला विचारून आलं शोधलं, स्वतः ठेचलं आणि माझ्यासाठी चहा टाकला. आपला ग्लास माझ्या कपाशेजारी ठेवला आणि आम्ही साडेदहापर्यंत बोलत बसलो. तुमच्या घरी कोणी ‘आज मला नको’ म्हणालं, तर कृपा करून दुसऱ्यांदा विचारू नका. आलं कुठे ठेवलंय ते बघा.