डोळे मिटून ऐका!

"जुन्या सीडी प्लेअरचा ऑप-अँप बदल, आवाजावरचा पडदा दूर होतो बघ!" जुन्या ऑडिओची आवड असलेला कुणीही भेटला की हे वाक्य ऐकायला मिळतंच. गेल्या मे महिन्यापर्यंत मीसुद्धा ते छातीठोकपणे म्हणत होते. आज म्हणणार नाही. का, ते सांगते.

मामाने 1990 साली मस्कतहून आणलेला सीडी प्लेअर माळ्यावर धूळ खात पडला होता. सुट्टीत तो खाली काढला. ट्रे अडकत होता, आणि किशोरीताईंचा भूप लावला तर तानपुऱ्यामागे सतत एक बारीक घूंऽऽ. ट्रेचा रबरी बेल्ट बदलला, लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली आणि पॉवर सप्लायमधले वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. घूं गायब! आपल्याकडे मेन्स 50 हर्ट्झ, म्हणजे फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल 100 हर्ट्झ. कपॅसिटर थकला की तो रिपल पुढच्या सर्किटमध्ये शिरतो. दुसऱ्या वर्षाला आपण हे परीक्षेत लिहितो, मी पहिल्यांदा कानाने ऐकलं. स्कोपवर आधीचा आणि नंतरचा फरक साध्या डोळ्यांना दिसत होता.

इथेच थांबायला हवं होतं. पण अंगात उत्साह! लॅमिंग्टन रोडवरून ऑप-अँप आणले, आउटपुटचे जुने एनई 5532 काढून ओपीए 2134 बसवले आणि जाहीर केलं, "आवाज कसा मोकळा झालाय!" मैत्रिणीचा त्याच काळातला, न उघडलेला प्लेअर शेजारी ठेवून सगळ्यांना ऐकवलं. सगळे म्हणाले, तुझाच भारी. मामाच्या दोन मित्रांनी तर आपापले प्लेअर पुढे केले, प्रत्येकी 1500 रुपये द्यायला तयार! तिसऱ्या वर्षाला स्वतःच्या हाताची कमाई, आणखी काय पाहिजे?

मैत्रीण मात्र चिकट. तिने टेस्ट सीडीवरचा 1 किलोहर्ट्झचा टोन लावून दोन्हींचं आउटपुट मोजलं. तिचा प्लेअर 2.0 व्होल्ट, माझा 2.2. फरक 1 डेसिबलपेक्षाही कमी. गंमत अशी की एवढासा फरक आपल्याला "मोठा आवाज" म्हणून कळत नाही, "चांगला आवाज" म्हणून कळतो! मग पॉटने माझा प्लेअर खाली आणून दोन्ही सारखे केले, दोन्हींत एकच सीडी एकदम सुरू केली. ती पडद्यामागे नाणं उडवून प्लेअर निवडणार, मी डोळे मिटून ओळखणार. अशा 16 फेऱ्या. नुसत्या अंदाजानेसुद्धा 8 बरोबर येतात. खरंच ऐकू येतंय असं म्हणायला निदान 12 तरी हवेत. माझे आले 9.

राग आला. स्वतःचाच. कारण खोटं बोलत नव्हते मी, मला खरंच फरक ऐकू येत होता! फक्त तो कानात नव्हता, हातातल्या सोल्डरिंग आयर्नमध्ये होता.

असं होणारी मी एकटी नाही. 2007 साली मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. एसएसीडीचा हाय रिझोल्यूशन आवाज एकदा तसाच, आणि एकदा साध्या सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमधून जाऊ देऊन लोकांना ऐकवला. 554 पैकी 276 उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाणेफेकच!

नुसते आकडे वाचूनही फसायला होतं. सोनीचा सीडीपी-101 हा 1 ऑक्टोबर 1982 ला जपानमध्ये विक्रीला आला, 16 बिटवाला. फिलिप्सच्या सीडी 100 मध्ये मात्र 14 बिटचा डॅक. कागदावर सोनी जिंकला ना? पण फिलिप्सच्या इंजिनिअर्सनी चौपट ओव्हरसँपलिंग करून म्हणजे 176.4 किलोहर्ट्झवर जाऊन, नॉइज शेपिंगने 14 बिटमधून जवळजवळ 16 बिटचं काम काढलं. वर अ‍ॅनालॉग फिल्टरही सौम्य ठेवता आला. सोनीत एकच डॅक दोन्ही चॅनल आळीपाळीने सांभाळत होता, म्हणून डाव्या-उजव्यात सुमारे 11 मायक्रोसेकंदांचा फरक पडायचा. याला म्हणतात तुलना! काय बदललं, कशामुळे आणि किती, याचं उत्तर त्यात मिळतं.

मग जुने प्लेअर उघडूच नयेत का? जरूर उघडा! त्यांत अजून स्क्रू आहेत, सोल्डर करता येईल एवढे मोठे पार्ट आहेत. वाळलेला कपॅसिटर, सैल बेल्ट, मळलेली लेन्स, हे खरे आजार आहेत आणि त्यांवर खरं औषध आहे. फक्त आधी मोजा, मग बदला, पुन्हा मोजा. आणि "चांगला वाटतो" म्हणण्याआधी लेव्हल सारखी करून, डोळे मिटून ऐका. धडधाकट सर्किटमध्ये नवा ऑप-अँप नीट डीकपलिंग न करता बसवलात तर तो ऑसिलेट होऊन होतं ते बिघडायचीही शक्यता असते.

मामाच्या मित्रांना मी सगळं खरं सांगितलं. एकाने फक्त बेल्ट बदलून घेतला, 200 रुपयांत. दुसरे काका म्हणाले, "असू दे गं, तरी बसव, मनाला बरं वाटतं." मी नाही बसवला. मनाला बरं वाटण्याचे पैसे इंजिनिअरने घ्यायचे नसतात, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?