ठराव मंजूर झाला, पुढे काय?

महाडचे नाव घेतले की २० मार्च १९२७ ही तारीख आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या तारखेच्या सुमारे सव्वातीन वर्षे आधी महाडच्या नगरपालिकेने एक ठराव केला होता, त्याचे स्मरण सहसा कोणी करीत नाही. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्यास हरकत नाही, अशा आशयाचा तो जानेवारी १९२४ मधील ठराव. दिवाबत्ती, गटारे, रस्ते, बाजार यांच्या कामकाजाबरोबर हाही विषय सभेपुढे आला आणि मंजूर झाला. त्यानंतर सव्वातीन वर्षे त्या तळ्याच्या पाण्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. नगरपालिकांच्या कारभाराविषयी आम्हांला आज जे म्हणावयाचे आहे, त्याचा प्रारंभ या रिकाम्या सव्वातीन वर्षांपासून होतो.

प्रस्तुत लेखकाचे गाव पाचाड. रायगडाच्या पायथ्याचे, जिजाऊंच्या समाधीचे हे गाव. येथे नगरपालिका नाही, ग्रामपंचायत आहे. तथापि कचेरी, न्यायालय, मोठा बाजार, आजारपणातील मोठा दवाखाना या साऱ्यांसाठी पाचाडच्या माणसाला महाडलाच उतरावे लागते. नगरपालिकेची हद्द नकाशावर आखलेली असते, पण तिच्या बऱ्यावाईट कारभाराची झळ हद्दीबाहेरच्या पंचक्रोशीला लागते. या पंचक्रोशीला मात्र त्या कारभारात मत नसते. चवदार तळ्याचा प्रश्नही मुळात असाच, हद्दीबाहेरून येणाऱ्या माणसाचा होता.

डॉ. आंबेडकरांनी या प्रकरणाची जी हकीकत लिहून ठेवली आहे, तिच्यातील एक तपशील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात घ्यावा. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्यांना महाडला यावे लागे ते दोन कारणांनी. एक, बाजारहाट; दुसरे, गावकीचे काम. गावकामगारांचे टपाल आणि गावाने जमा केलेला सरकारी सारा तालुक्याच्या कचेरीत पोहोचविणे हे त्यांच्याकडे असे. म्हणजे ज्याच्या पायांनी सरकारचा महसूल महाडात येत होता, त्याच माणसाला महाडात घोटभर पाणी मिळत नव्हते. बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळण्याची सार्वजनिक जागा म्हणजे चवदार तळे, आणि ते त्याला बंद. शहरातील अस्पृश्यांच्या वस्तीत एक विहीर होती. ती बाजारपेठेपासून दूर होती आणि नगरपालिकेने लक्ष न दिल्यामुळे गाळाने बुजून गेलेली होती. या गाळाकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

आता ठरावाची कुळकथा पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यास अनुसरून आपला ठराव केला. हे तिला भूषणावह होते. महाडचे नगराध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण समाजातील पुरोगामी कार्यकर्ते पुढेही या लढ्यात डॉ. आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा ठराव करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु ठराव म्हणजे अंमल नव्हे. तळ्याच्या चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे. अशा ठिकाणी एखाद्या महाराने किंवा चांभाराने एकट्याने कळशी बुडवावी, अशी अपेक्षा ठरावाचा कागद त्याच्या हाती देऊन करणे हा क्रूर विनोद ठरला असता. ठरावामागोमाग दवंडी पिटली गेली पाहिजे होती, काठावर पाटी लागली पाहिजे होती आणि पहिले काही दिवस नगरपालिकेचा माणूस तेथे उभा राहिला पाहिजे होता. इतकी व्यवस्था झाली असती, तर नगरपालिकेने आपल्या निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे घेतली असे म्हणता आले असते. ती जबाबदारी शेवटी सर्वांत दुर्बल माणसावर टाकली गेली. अंमल होत नाही हे पाहून बोले यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका व जे लोकल बोर्ड हे मानणार नाही, त्यांची सरकारी अनुदाने रोखावीत. सद्हेतूंची वाट पाहून झाल्यावर पैशाच्या नाडीवर बोट ठेवावे लागते, हे या जुन्या कामगार पुढाऱ्याने नेमके ओळखले होते.

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेस आलेल्यांना पिण्याचे पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले. नगरपालिकेच्या स्वतःच्या ठरावाने तळे खुले असताना, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर जमलेल्या माणसांनी पाण्यासाठी मोजलेले हे चाळीस रुपये आमच्या मते त्या ठरावाचा खरा हिशेब आहेत. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग परिषद तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर परिषदेतील माणसांवर झालेले हल्ले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ हा इतिहास सर्वश्रुत आहे.

त्यामानाने पुढची घटना कमी सांगितली जाते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. रद्द करण्याचा हा निर्णयही सभेतच, बहुमतानेच झाला. कार्यपद्धतीत कदाचित काहीच खोट काढता आली नसती. विकेंद्रीकरणाचा आग्रह धरणाऱ्या आम्हां समाजवाद्यांना येथे थांबून स्वतःला प्रश्न विचारणे भाग आहे. स्थानिक स्वराज्य म्हणजे स्थानिक लोकशाही, असे आपण गृहीत धरतो. परंतु ज्या काळी मताचा हक्क मालमत्तेच्या व करभरण्याच्या अटींनी बांधलेला होता आणि ज्या समाजात प्रतिष्ठा जातीच्या उतरंडीवर ठरत होती, तेथे सत्ता जितकी खाली यावी तितकी ती गावातील प्रबळांच्या मुठीत अधिक घट्ट बसण्याचा धोका होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या स्वयंशासनाविषयी जो कठोर अविश्वास व्यक्त केला, त्यामागे महाडचाही अनुभव असणार, असे आम्हांस वाटते. आम्ही विकेंद्रीकरण सोडावे असा याचा अर्थ नाही. बहुमताला ज्यांना हात लावता येणार नाही असे काही हक्क आधी निश्चित केल्याखेरीज विकेंद्रीकरण न्यायाचे होत नाही, एवढा याचा अर्थ आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. सत्याग्रहासाठी हजारो माणसे जमली असतानाही डॉ. आंबेडकरांनी तळ्यावरील सत्याग्रह स्थगित केला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. १९३१ साली वादींचा दावा फेटाळला गेला, ते अपिलात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निर्णय झाला १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे ओंजळभर पाण्याच्या निवाड्यास दहा वर्षांना केवळ तीन दिवस कमी पडले. न्यायालयाने निर्णय दिला तो समतेच्या तत्त्वाचा उद्घोष करून नव्हे. तळे खाजगी नसून नगरपालिकेकडे निहित आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, या रुक्ष मुद्द्यांवर तो उभा होता. सार्वजनिक मालकीचे मोल येथे कळते. तळे खाजगी ठरले असते, तर लढा न्यायालयात कदाचित हरला असता. पण मालकी सार्वजनिक असूनही तळे व्यवहारात मूठभरांचे राहू शकते, हेही त्याच दहा वर्षांनी दाखविले.

हे सारे आज उकरून काढण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. २०२७ हे त्या लढ्याचे शताब्दी वर्ष. शताब्दीला पुतळे, कमानी, भाषणे यांना तोटा नसतो. आम्हांला त्या निमित्ताने नगरपालिकेच्या सभेचे इतिवृत्त उघडावेसे वाटते.

आजची नगरपरिषद महाराष्ट्राच्या १९६५ च्या अधिनियमाने चालते. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले, बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी दिली, अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना राखीव जागा दिल्या. १९२७ सालच्या सभागृहाशी तुलना करता हा पालट फार मोठा आहे आणि तो कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु विषय दिले त्या प्रमाणात पैसा दिला नाही. नगरपरिषदांच्या हाती असलेले जकातीचे साधन १९९९ साली गेले. त्याच्या जागी राज्य सरकारचे अनुदान आले. जकात वाईट होती. ती गरिबाच्या धान्याच्या पोत्यावरही बसे. पण स्वतःच्या उत्पन्नाच्या जागी अनुदान आले की सभागृहाची नजर नागरिकाकडून मंत्रालयाकडे वळते. घरपट्टी आणि पाणीपट्टीवर पगार व वीजबिले जेमतेम भागवावीत आणि उरलेल्या प्रत्येक कामासाठी कोणत्या तरी योजनेचे दार ठोठवावे, ही लहान शहरांची आजची स्थिती आहे. योजनेबरोबर आमदार येतो, आमदाराबरोबर ठेकेदार येतो, आणि सभागृहाला संमतीचा हात वर करण्यापुरते काम उरते.

तेवढेही काम काही वर्षे नव्हते. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे घटना सांगते. असे असताना इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद व प्रभागरचनेचा घोळ यांमुळे राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर मुदत संपल्यानंतर प्रशासक बसले. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या महाडच्या नगरपरिषदेचीही तीच गत झाली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका पार पडल्या. दरम्यान नळाला पाणी आले, दिवे लागले, कचरा उचलला गेला. मग सभासदांवाचून काय अडले, असे म्हणणारे सुशिक्षित आम्हांला भेटले. अडले ते असे की, प्रशासकाने केलेल्या खर्चाबद्दल जाब विचारण्याची जागाच उरली नाही. ज्याच्या गल्लीत पाणी आले नाही तो अर्ज करू शकत होता, पण सभागृहात त्याच्या वतीने उठून उभे राहणारे कोणी नव्हते.

आणि महाड हे काही बिनघोर शहर नव्हे. २४ ऑगस्ट २०२० रोजी येथे पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे मेली. २२ जुलै २०२१ च्या महापुराने बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक बळी गेले. पूर ओसरल्यावर शहरातील चिखल उपसण्यासाठी ठाणे, नवी मुंबई यांसारख्या महापालिकांची सफाई पथके आणावी लागली. बांधकामाची परवानगी, वापराचा दाखला, नाल्याची सफाई, पूररेषेच्या आतील बांधकाम, सफाई कामगारांची संख्या व त्यांचा पगार हे विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नीरस वाटतात. वर्तमानपत्रे त्यांना चार ओळी देतात. परंतु माणसे जगतात किंवा मरतात ती बव्हंशी या नीरस विषयांवर.

साधनेच नाहीत तर नगरपरिषदेने करावे काय, हा आक्षेप खोटा नाही. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी फडताळात न ठेवता नगरपरिषदांना हक्काचा वाटा द्यावा, ही मागणी आम्ही करीतच राहू. तथापि काही गोष्टींना पैसा लागत नाही. प्रत्येक ठरावाखाली तीन नोंदी असाव्यात: रक्कम कोणत्या शीर्षातून, जबाबदारी कोणाची, तारीख कोणती. पुढच्या सभेचा पहिला विषय मागील ठरावांच्या अंमलाचा असावा आणि न झालेल्या कामांची यादी कचेरीच्या भिंतीवर लावावी. कोणत्या प्रभागात किती खर्च झाला, हे वर्षातून एकदा मोठ्याने वाचले जावे, म्हणजे कोणाच्या वस्तीवर किती पैसा गेला आणि कोणाच्या वस्तीवर गेला नाही, ते सर्वांना कळेल. बाजारासाठी व कचेरीसाठी येणाऱ्या पंचक्रोशीतील माणसाला पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व सावली मिळते की नाही, याची जबाबदारी एका सभासदाकडे नावानिशी असावी. पाचाडहून लवकरची गाडी पकडून आलेल्या बाईला ही तीन नावे पाठ असली, तर तिला नगरपरिषदेच्या अधिनियमाची कलमे माहीत असण्याची गरज नाही.

महाडच्या अस्पृश्यांच्या वस्तीतील ती बुजलेली विहीर आम्ही विसरलो नाही. ती उपसण्यासाठी कायदेमंडळाचा ठराव लागत नव्हता, रूढीचा वाद नव्हता, सवर्णांचा विरोधही होण्याचे कारण नव्हते. चार मजूर, दोन घमेली, आठ दिवसांची मजुरी. तेवढे काम कोणत्याही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बसले असते. ते झाले नाही, कारण त्या विहिरीचे पाणी ज्यांना लागत होते, त्यांची नड सभागृहात कोणाचीच नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्या सभासदांनी शताब्दीच्या कार्यक्रमाची आखणी अवश्य करावी. पण त्याआधी आपल्या शहरातील आजची अशी विहीर कोणती, हे शोधून तिच्यासाठी मजुरीची तरतूद करावी.