फुनाबोरीहून : शेंदराखालचा दगड



२०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. उएनोच्या टोकियो नॅशनल म्यूझियममध्ये प्राचीन मेक्सिकोचं प्रदर्शन भरलं होतं. फुनाबोरीच्या उकाड्यापेक्षा दोन तास एसी बरा, एवढ्याच उदात्त हेतूने आम्ही सहकुटुंब निघालो!

तेओतिवाकानच्या एका शिल्पापाशी लेक थबकली. भलीमोठी दगडी चकती, मधोमध जीभ बाहेर काढलेली कवटी आणि भोवती किरणांसारख्या रेघा. इ.स. ३०० ते ५५० च्या दरम्यानचं काम. मावळताना सूर्य मरतो आणि पहाटे पूर्वेला पुन्हा जन्मतो, हा विश्वास त्यात कोरलाय, असं अभ्यासक मानतात. "बाबा, ही कालीमाता का?" कन्येचा प्रश्न. हसू आलं, पण प्रश्न काही वेडगळ नव्हता.

पुढे चिचेन इत्साचा चाकमोल. अर्धवट रेललेला, मान वळवलेला दगडी पुरुष. पोटावर ताटलीसारखी जागा. देवाचं अर्पण ठेवायची, असं समजतात. गंमत म्हणजे 'चाकमोल' हे नाव माया लोकांनी दिलेलं नाहीच. १८७५ साली ल प्लोंजों नावाच्या उत्खनन करणाऱ्या गृहस्थांनी तिथली अशीच एक मूर्ती बाहेर काढली आणि हे नाव ठेवलं. घडवणारे तिला काय म्हणत, ते काळाच्या उदरात गेलं.

"आपल्या गावाला आहेत असे दगड?" कन्येचा पुढचा प्रश्न. आता आली का पंचाईत! मास्टर्सला असताना परीक्षकांनीही मला इतकं निरुत्तर केलं नव्हतं. आमच्या वेशीवर एक शेंदूर फासलेला दगड आहे. आजी त्याला म्हसोबा म्हणायची. शाळेत जाताना आम्ही पळता पळता नमस्कार ठोकायचो, बस.

रात्री थोरल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, तो वीरगळ आहे. मागं कॉलेजातले एक सर येऊन सांगून गेले. पण कुणाचा, ते गावात कुणालाच ठाऊक नाही."

वीरगळ म्हणजे लढाईत कामी आलेल्याचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते असेपर्यंत कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला तर वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई आहे!

आमच्या वीराचे चंद्र-सूर्य शेंदराखाली आहेत आणि नाव विसरलंय. तरी दर अमावास्येला कुणीतरी त्याला तेल घालतं, नारळ फोडतं. चाकमोलचं नाव परक्याने ठेवलं. आमच्या वीराचं आम्हीच हरवलं. मेक्सिकोची माहिती लेकीने पाटीवर वाचली. आमच्या दगडाला पाटी नाही, आणि जिला विचारायचं ती आजीही आता नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या भारतवारीत मॉलमधला एक दिवस कमी करा. मुलांना वेशीपाशी न्या, गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा. जे कळेल ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. या पानावर जागा राखून ठेवतो.