दगडी कोळसा आणि भाताचा पेंढा

दगडी कोळसा हवेचा स्पर्श होऊ न देता बंद भट्टीत तापविला, म्हणजे तो जळत नाही. त्याचे विघटन होते. वायू व डांबर निघून जातात आणि मागे कोक उरतो. लाकूड असेच तापविले तर लोणारी कोळसा उरतो. ही दोन्ही द्रव्ये एकत्र तापवून अधिक स्वच्छ इंधन मिळवावे, या कल्पनेचा अलीकडे बराच गौरव होतो. कल्पना मला मान्य आहे. तिच्या नावे केले जाणारे सर्व दावे मान्य नाहीत.

तिचे मर्म हायड्रोजनात आहे. कार्बनच्या दर अणूमागे लाकडातील हायड्रोजनचे प्रमाण दगडी कोळशातील प्रमाणाच्या दुपटीच्या जवळपास असते. कोळशाच्या तुटलेल्या रेणूंस हायड्रोजन मिळाला तर ते हलक्या तेलाच्या व वायूच्या रूपाने बाहेर पडतात. न मिळाला तर पुन्हा एकमेकांस चिकटून कोक बनतात. हा हायड्रोजन वनस्पतीने पुरवावा, अशी अपेक्षा. परंतु वनस्पतिद्रव्य बहुतांशी २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यानच विघटित होते, आणि दगडी कोळशाचे खरे विघटन ३५० ते ४०० अंशांच्या पुढे सुरू होते. पाहुणा पोचण्यापूर्वीच पंगत उठावी, तसा हा प्रकार! मिश्रण अतिवेगाने तापविल्यास दोहोंची गाठ पडू शकते. म्हणूनच काही प्रयोगांत अपेक्षेहून अधिक तेल मिळते, तर काहींत केवळ दोहोंची बेरीज.

दुसरी गोष्ट राखेची. आपल्याकडील पुष्कळ कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. ४० टक्के राखेच्या १०० किलोग्रॅम कोळशातून २५ किलोग्रॅम वायू व डांबर काढले, तर उरलेल्या ७५ किलोग्रॅममध्ये राख ४० किलोग्रॅमच, म्हणजे निम्म्याहून अधिक. पेंढ्यात व तुसातही सिलिका विपुल असते. असे इंधन धूरहीन होईल, राखहीन नव्हे. कोळसा आधी धुतलाच पाहिजे.

तरीही हा उद्योग करण्याजोगा आहे. झरिया-राणीगंज भागात कोळशाचे ढीग उघड्यावर पेटवून घरगुती कोक बनविण्याची रीत दीर्घकाळ होती. वायू व डांबर हवेत जाई आणि तो धूर भोवतालच्या वस्तीच्या छातीत उतरे. धनबादनजीक १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय इंधन संशोधन संस्थेने बंद भट्टीतील धूरहीन कोकवर काम केले, ते याचसाठी.

पंजाबात शेतातच जाळला जाणारा पेंढा मात्र झरियाला आणू नये. हजार किलोमीटरहून अधिक अंतर, आणि माल इतका हलका की गाडी भरते पण वजन भरत नाही. त्याच्या गोळ्या करून जवळच्या वीजकेंद्रांत कोळशाबरोबर जाळाव्यात; केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये काढलेल्या धोरणाचा रोखही तसाच होता. एकत्र तापविण्याची भट्टी राणीगंजच्या बाजूस उभारावी. कोळसा तेथेच आहे आणि वर्धमानचा भातपट्टा लागून आहे. तेथील पेंढा गुरांच्या तोंडचा काढू नये. गिरण्यांच्या बाष्पित्रांत जळून उरलेले तूस तेवढे घ्यावे, आणि भट्टीतून निघणारा वायू त्याच गिरण्यांना द्यावा.