बोटं तीन, आघात आठ

ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताचा बॅन्जो शिकायला घेतला की आधी डाव्या हाताचा मोह आवरावा लागतो. पडद्यांवर फिरणारा तो हात नजरेत भरतो, पण या संगीताचा जीव उजव्या हातात आहे. अंगठ्याला प्लॅस्टिकची नखी, तर्जनीला आणि मधल्या बोटाला धातूच्या नख्या, आणि या तिघांनी अखंड चालू ठेवायचे ‘रोल’. एका रोलमध्ये आठ आघात. बोटं तीन असल्यामुळे वजन सरळ चार-चार न पडता बहुतेकदा तीन-तीन-दोन असं पडतं, आणि त्यातूनच ती धावती, पुढे झुकलेली चाल येते.

गणपतीच्या मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बेंजो वेगळा. हा गोल कड्यावर पान ताणलेला, लांब मानेचा, पाच तारांचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत भोपळ्याची वाद्यं घडवली, त्यांचा हा वंशज. पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी मानेच्या मध्यावर, पाचव्या पडद्यापाशी. सतारीची चिकारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिचं काम लगेच कळेल: सूर तोच, वरचा, मधूनमधून अंगठ्यानं छेडलेला.

तीन बोटांनी वाजवणारे नॉर्थ कॅरोलिनात आधीपासून होते. पण त्या वादनाला आजचं रूप दिलं ते तिथल्याच फ्लिंट हिलच्या अर्ल स्क्रग्जनं. 1945च्या डिसेंबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो बिल मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडमध्ये आला आणि बॅन्जोचं नशीबच पालटलं. त्याच्या लहानपणची एक गोष्ट मला फार आवडते. तो आणि त्याचा भाऊ होरेस एकत्र धून सुरू करायचे आणि वाजवत वाजवत घराला उलट दिशांनी वळसा घालायचे. पलीकडे भेट झाली की लय अजून एकच आहे का, ते बघायचे.

आता शिकणाऱ्यांच्या हातात थेट टॅब येते: पाच रेषा, त्यावर पडद्यांचे आकडे. टॅबशी माझं भांडण आहे. ‘क्रिपल क्रीक’ ही बहुतेकांची सुरुवातीची धून. तिच्या टॅबमध्ये सगळे आघात एकाच तोलामोलाचे दिसतात, पण खरी चाल त्यातल्या मोजक्याच सुरांत असते. बाकीचे सूर रोल चालू ठेवायला आलेले. कुठला सूर गाणं आहे आणि कुठला भराव, हे कागद सांगत नाही. म्हणून धून आधी गुणगुणता आली पाहिजे. मग अगदी विलंबितात रोल धरायचा आणि चालीचा सूर येईल तिथे बोटाला किंचित जोर द्यायचा. ज्या दिवशी आठ आघातांच्या गर्दीतून ती चाल ओळखू येते, त्या दिवशी आनंदानं हात थरथरतो. खरंच थरथरतो.

आम्ही राहतो त्या नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहराच्या परिसरात लोक गोल करून एकत्र वाजवायला बसतात. फिडलवाल्यांना ‘ए’ पट्टी प्रिय. मग बॅन्जोवाला दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावतो आणि आखूड तार सातव्या पडद्याजवळच्या इवल्याशा खिळ्याखाली अडकवतो. हा खिळा मुळात खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ ठोकण्यासाठी केलेला! वाद्य बनवणाऱ्यांची ही युक्ती बघून मी बेहद्द खूश झाले होते.

अशा बैठकीत प्रत्येकाला पाळीनं एक फेरी मिळते. उरलेला सगळा वेळ दुसऱ्याला साथ करायची. ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ लवकरात लवकर बोटांत बसावी असं प्रत्येक नवशिक्याला वाटतं, आणि स्क्रग्जचं 1949चं ते ध्वनिमुद्रण ऐकलं की का ते कळतं. मी मात्र सध्या स्क्रग्जचा जोडीदार लेस्टर फ्लॅट गातोय आणि स्क्रग्ज मागे साथ करतोय अशी गाणी लावून बसते. ओळ संपून फ्लॅट श्वास घेतो, तेवढ्या फटीत स्क्रग्ज काय काय ठेवून जातो, ते मला शिकायचं आहे.