निदान झाले, ओझे कोणाचे?

वरठीत आयुष्यभर भट्टीपाशी राबलेल्या पोलाद कामगाराला अथवा धानाच्या बांधीत वाकलेल्या मजूर स्त्रीला म्हातारपणी स्मृतिभ्रंश जडला, की घरच्यांच्या हाती डॉक्टरांची चिठ्ठी पडते आणि शासनाचे कर्तव्य तेथेच संपते. रात्रीची जागरणे, वाट चुकलेल्या वृद्धाचा शोध, न्हाऊ घालणे, भरवणे हे सारे सून वा मुलगी मुकाट्याने करते. तिची मजुरी बुडते. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

हे तुरळक घरांचे दुःख नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे ८८ लाख वृद्धांना ही व्याधी आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे.

यावर राज्यकर्त्यांचे उत्तर काय? कुटुंबव्यवस्थेचे गोडवे! २००७ च्या कायद्याने आईबापांना टाकून देणाऱ्या मुलांसाठी तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली. वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्या शासनाला शिक्षा कोणती? दारिद्र्यरेषेखालील वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशीव्या वर्षापर्यंत दरमहा अवघा २०० रुपये!

मातृपितृभक्तीच्या नावाने चाललेली ही स्त्रियांची वेठबिगारी आहे. शुश्रूषा हेही श्रमच होत. श्रमाला मोल हवे. शुश्रूषा करणाऱ्यास भत्ता, तालुक्याला दिवसभर सांभाळ करणारे केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्रातून कुटुंबाला नियमित मार्गदर्शन, आणि हे काम आशा सेविकांवर सोपवल्यास त्यांना पूर्ण वेतन, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी घरोघरी गेले पाहिजे. दया नको, हक्क हवा!